रंध्याचा दिवा करा, पण रंधा राखून

कॅफेंमध्ये, हौशी मंडळींच्या दिवाणखान्यांत हल्ली जुन्या हत्यारांचे दिवे दिसतात. कुठे गिरमिटाचा, कुठे शिकंज्याचा, कुठे रंध्याचा. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. माळ्यावर धूळ खात पडण्यापेक्षा हत्यार टेबलावर उजेड देत असेल, तर मला आनंदच आहे. पण यातले बरेच दिवे बघवत नाहीत. शिसवी रंध्याला ड्रिलने आरपार भोक पाडलेलं, वरून चकचकीत पॉलिश आणि पातं भंगारात. दिवा झाला, पण रंधा कायमचा गेला.

खरं तर भोक पाडायची गरजच नाही. छिलके बाहेर पडावेत म्हणून लाकडी रंध्याला तळापासून वरपर्यंत तोंड असतंच. त्यात पातं साधारण ४५ अंशांत तिरपं बसतं आणि लाकडी पाचरीने आवळलेलं असतं. पातं काढून तेलाचा हात फिरवून जपून ठेवा. त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची लोखंडी पट्टी सरकवा, तीच पाचर हलक्या हाताने ठोका आणि पट्टीच्या वरच्या टोकाला होल्डर बसवा. वायर त्याच तोंडातून खाली सोडा. ती चेपू नये म्हणून तळाखाली दोन पातळ पट्ट्या ठेवा. लाकडाजवळ तापणारा बल्ब नको, एलईडीच लावा. पट्टी लोखंडी असल्याने तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि पट्टीला अर्थिंग हवंच. वर्षानुवर्षं हाताच्या घामाने काळी तुकतुकीत झालेली बाजू पॉलिश पेपरने घासू नका. कारागिराची तेवढीच खूण उरलेली असते. उद्या पाचर सैल केली की रंधा पुन्हा कामाला तयार.

मुळात दिवा कोणत्या रंध्याचा करायचा, हेही ठरवायला हवं. प्लायवूडला रंधा लागत नाही, सागाची फळी मशीनवर सपाट होते, म्हणून चांगले हातरंधे किलोवर विकले जातात. पण पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कड आजही हातरंध्यानेच नेमकी उतरते. लाकडाचे तंतू कोणत्या दिशेला धावतात, हे शिकाऊ पोराच्या मनगटाला रंधाच शिकवतो. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पुजतो. त्या पूजेला अर्थ असेल, तर चालतं हत्यार चालत्या हातात गेलं पाहिजे.

म्हणून माझं सांगणं एवढंच : जुन्या बाजारातून रंधा आणलात, तर आधी पात्याला धार लावून घ्या आणि कुणा सुताराकडून एक फळी तासून बघा. अखंड, पातळ छिलका निघाला, तर तो रंधा जवळच्या आयटीआयला किंवा शिकाऊ सुताराला द्या. तळ झिजून तोंड रुंदावलं असेल, अंगाला तडा गेला असेल, तर त्याचा खुशाल दिवा करा.