रानभाजीचं औषध करू नका

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर सुरू होतं: टाकळा खा, त्वचारोग पळवा, करटोली खा, शुगर विसरा. मग कुणीतरी मधुमेहाच्या गोळ्या बंद करून करटोल्याची पावडर घेतं आणि काही महिन्यांनी वाढलेली साखर घेऊन दवाखान्यात येतं. "डॉक्टर, नैसर्गिकच आहे ना?"

रानभाज्या जरूर खा. वर्षभर बटाटा, फ्लॉवर, कोबी फिरवून खाणाऱ्या घरात टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी आली तर मला आनंदच आहे. पण त्या ताटात भाजी म्हणून याव्यात. घोळीत ओमेगा-३ असतं, हे खरं. पण ते माशातल्यासारखं नसतं. शरीर त्यातलं फार थोडं त्या रूपात बदलू शकतं. शिवाय घोळीत पालकासारखंच ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी ती रोज खाऊ नये. कधीतरी खायचीच तर उकळून, पाणी टाकून. हे पावडरीच्या डब्यावर कुठे लिहिलेलं असतं?

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. फोडशीची कोवळी पानं खुडली तर कंद जमिनीत राहतो, पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. तिच्याच कुळातल्या सफेद मुसळीच्या मुळ्या 'शक्तिवर्धक' म्हणून इतक्या खणल्या गेल्या की अनेक जंगलांत ती दुर्मिळ झाली. भाजी म्हणून खाल्लेली वनस्पती टिकते, औषध म्हणून ओरबाडलेली संपते. आणि ज्या टाकळ्याची पावडर शहरात विकतात, तोच टाकळा गावात बांधावर तण म्हणून तणनाशकाने जाळतात! त्या बांधावरची भाजी मात्र घेऊ नका.

या भाज्यांचं ज्ञान डब्यात मावत नाही. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून ठाणे-रायगडकडे त्यात काकडाची आंबट फळं घालतात. हे आदिवासी बायकांना आपल्याआधी कितीतरी पिढ्या माहीत आहे.

किडनीचा आजार असेल किंवा वॉरफेरिन चालू असेल, तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ओळख नसेल तर रानातून स्वतः खुडून आणू नका. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडून जुडी घ्या, घासाघीस न करता. कशी करायची, तेही त्याच सांगतील.