खिशातलं रेडिओ स्टेशन

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या अँटेनाचा विषय निघाला आणि तीन मिनिटांत निकाल लागला. गच्चीवर काहीही लावायचं नाही! ऑफिस सांभाळून अभ्यास केला, परीक्षा दिली, दूरसंचार खात्याचं हॅम रेडिओ लायसन्स मिळवलं. ते आता काय फ्रेम करून भिंतीवर टांगू?

मग एका सीनिअर हॅम काकांनी हॉटस्पॉट दाखवला. काड्यापेटीहून जरासा मोठा. आत रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला कॉम्प्युटर, त्यावर रेडिओचा बोर्ड आणि बोटाएवढी अँटेना. पॉवर जेमतेम 10 मिलिवॅट, म्हणजे हातातल्या 5 वॅटच्या सेटच्या पाचशेवा हिस्सा! पण त्याचं काम घरातल्या घरातच. माझ्या डिजिटल सेटचा सिग्नल पकडायचा आणि वाय-फायवरून जगभरच्या हॅम्सच्या नेटवर्कवर सोडायचा. पहिल्याच रविवारी सकाळी बाल्कनीत चहा पीत जपानमधल्या एका आजोबांशी गप्पा. एकदम सही!

परवा मात्र नेट गेलं. सेट हातात, बॅटरी फुल्ल आणि मी मुकी. तेव्हा काकांनी 2001 च्या भूज भूकंपाची आठवण काढली. फोन बंद पडले होते आणि निरोप पोचवत होते हॅम्स. त्यांची भिस्त इंटरनेटवर नव्हती, अँटेनावर होती.

तेव्हा दोस्तांनो, लायसन्स काढा, हॉटस्पॉटही जरूर घ्या. पण गच्चीचा हट्ट सोडू नका. पुढच्या मीटिंगला मी तरी विषय पुन्हा काढणारच!