आपत्तीनंतरचा दुसरा महिना

नवी दिल्ली : पूर, भूकंप किंवा दरड कोसळल्यानंतर मदत छावण्यांत आता धान्य आणि औषधांबरोबर समुपदेशकही पोहोचतात. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यातील मुंडक्काई आणि चूरलमाला या वस्त्या दरडीखाली गाडल्या गेल्या, तेव्हाही तसेच घडले. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेत मदतकार्याच्या आराखड्यात मनाचा विचारच नव्हता. मनोविकार कसे ओळखावेत याचे प्रशिक्षण वैद्यकीय अधिकाऱ्यांना नंतर द्यावे लागले. चार दशकांतील हा बदल लहान नाही. मात्र मदतीचे वेळापत्रक आणि आजाराचे वेळापत्रक अजूनही जुळलेले नाही.

आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे ‘पीटीएसडी’चे, निदान लक्षणे महिनाभराहून अधिक काळ टिकल्याशिवाय केले जात नाही. त्यामागे कारण आहे. झोप उडणे, किरकोळ आवाजानेही दचकणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येत राहणे या पहिल्या आठवड्यांतील स्वाभाविक प्रतिक्रिया असतात आणि बहुतेक लोक आप्तांच्या व रोजच्या कामाच्या आधाराने त्यातून सावरतात. या काळात सुरक्षित निवारा, हरवलेल्या नातेवाइकांची खात्रीशीर माहिती आणि शोक करण्यास मोकळीक हाच खरा उपचार. वाचलेल्या माणसाकडून घडलेले सर्व एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ती अमान्य केली. पहिल्या महिन्यात या लक्षणांसाठी ‘बेंझोडायझेपिन’ गटातील गोळ्या देऊ नयेत, असेही त्याच सूचना सांगतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र झोपेची गोळी लिहून देणे हाच सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

म्हणजे ज्यांना खरोखर उपचार लागतात, त्यांची ओळख पटते ती दुसऱ्या महिन्यात. तोवर छावण्या उठलेल्या असतात. वायनाडमधील कुटुंबे काही आठवड्यांतच सरकारने दिलेल्या दरमहा सहा हजार रुपये भाड्याच्या आधारे ठिकठिकाणी विखुरली. शेजार तुटला आणि कोणाची झोप परतली, कोणाची नाही, हे पाहणारी माणसेही दूर गेली. असा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा जात नाही. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो आणि छातीत धडधड होते, डोके दुखते, जीव घाबरतो एवढेच सांगतो. पश्चिम घाटात तर आघाताची आठवण दर पावसाळ्यात परतते. पुणे जिल्ह्यातील माळीण याच ३० जुलैला, २०१४ मध्ये गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. रायगडमधील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तीही जुलैमध्येच, २०२३ साली.

आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार किंवा ‘ईएमडीआर’ या उपचारांची उपयुक्तता सिद्ध झाली आहे. त्यांना अनेक आठवडे, शक्यतो त्याच उपचारकासमवेत, सत्रे लागतात. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ सरासरी ०.७५. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीतही ऐकून घेते व पुढची वाट दाखवते. पण साप्ताहिक सत्रांची जागा दूरध्वनी घेऊ शकत नाही, शिवाय फोन रुग्णानेच करायचा असतो.

भरपाईच्या हिशेबातही मन दिसत नाही. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृत्यूसाठी चार लाख रुपये, अपंगत्वासाठी ७४ हजार किंवा अडीच लाख, आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास १६ हजार अशी मोजमापे आहेत. मनाच्या जखमेसाठी स्वतंत्र शीर्ष नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन मनोसामाजिक आधाराचा विचार आहे. त्याला निधीची जोड मात्र हवी.

उपाय फार खर्चिक नाही. छावणी उठण्यापूर्वी तेथील कुटुंबांची यादी, त्यांच्या संमतीने, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे सोपवता येईल. नव्या पत्त्यावर आशा सेविकेने तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, तसेच पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, झोप आणि भीतीविषयी चार प्रश्न विचारायचे. उत्तरे चिंताजनक वाटली, तर त्या व्यक्तीला प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याकडे घेऊन जायचे.