काचेच्या दोन बरण्या

शाहूपुरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला गूळ आठवतो. बरोबरच आहे, शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठीच, आणि इथला व्यापार म्हणजे गूळ. पण श्रावणात कुंभार गल्लीतून चक्कर मारा. गुळाचा नाही, रंगाचा वास येतो. ओट्यावर, जिन्याखाली, फळीवर, मिळेल त्या जागेत गणपती. काही नुसतेच पांढरे, काहींचं पीतांबर रंगवून झालेलं, बहुतेकांचे डोळे अजून उघडायचे राहिलेले.

मी या गल्लीपासून पाच मिनिटांवर राहतो आणि बरीच वर्षं पर्यावरण जागृतीचं काम करतो. म्हणजे नक्की काय करता, असं पाहुण्यांनी विचारलं की माझी पंचाईत होते. शाळांत जातो, चित्रं दाखवतो, विसर्जनाच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर उभा राहून "मूर्ती दान करा, निर्माल्य इकडं द्या" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतो. आणि मग अहवाल लिहितो. इतक्या शाळा, इतके विद्यार्थी. अहवाल फार छान दिसतो!

माझा एक हुकमी प्रयोग होता. काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत पाणी. एकीत वाळलेल्या शाडूचा तुकडा टाकायचा, दुसरीत प्लास्टरचा. आपण बोलत राहायचं. तास संपेपर्यंत शाडूचा चिखल होऊन तळाशी बसतो, प्लास्टर आहे तसंच राहतं. मुलं टाळ्या वाजवतात. मग मी विचारायचो, "काय, यंदा घरी कुठला गणपती आणायचा?" सगळा वर्ग ओरडायचा, "शाडूचा!"

२०१७ च्या श्रावणात अशाच एका वर्गात मी जोशात बोलून गेलो की प्लास्टरच्या मूर्ती करणारे लोक आपल्या नदीत विष कालवतात. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा ओरडला नाही, हातही वर केला नाही. मला वाटलं, लक्ष नाही त्याचं. बाहेर पडताना बाई हळूच म्हणाल्या, "सर, त्याचं घर कुंभार गल्लीत आहे. त्याच्या घरी मूर्तींचंच काम चालतं." मी "अरेरे" की काय म्हणालो आणि पुढच्या शाळेत गेलो. त्या दिवशी चार शाळा होत्या.

एक गोष्ट कबूल करायला हवी. 'विष' हा शब्द शास्त्रानेही चूकच होता. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी लागलं की तो पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतो आणि लवकर विरघळत नाही, म्हणून तळाशी थर साचतो. मूर्तीत खरं विषारी काही असेल तर ते रंगात, शिसं आणि त्याच्या भाईबंदांत. आणि तोच रंग शाडूच्या मूर्तीला फासला तर ती काही पवित्र होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रंगाची भानगड सांगत बसलं की टाळ्या पडत नाहीत.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. नदी एवढी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जायचं सोडून मागं फिरतं आणि वस्तीत शिरतं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे कुंभार गल्लीत वर्षभराचा माल जवळजवळ तयार होता. पाणी उतरल्यावर आम्ही काही जण चिखल काढायला गेलो. मी ज्या घरात गेलो तिथं प्लास्टरच्या मूर्ती आडव्या झाल्या होत्या, तरंगून कोपऱ्यात जाऊन अडकल्या होत्या, कुणाची सोंड गेली होती, कुणाचा हात. पण बऱ्याचशा धुऊन, डागडुजी करून, पुन्हा रंगवता येण्यासारख्या होत्या. खालच्या दोन फळ्यांवर मात्र नुसता चिखल होता. मी खोरं घातलं, तर मालक म्हणाले, "जरा हळू सर, तो गाळ न्हाई. त्या मूर्ती हाईत."

शाडूच्या होत्या. चाळीस.

"पोरानं लई हट्ट केला. साळंत कुणी सर आलते म्हनं, बरण्या घेऊन. दोन वर्सं मागं लागला हुता, म्हनून ह्या टायमाला केल्या." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. ओळखलं असावं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमचा प्रयोग बरोबर हाय सर. इरघळतंय."

तेव्हापासून मी या धंद्याकडं, हो, आमच्या जनजागृतीच्या धंद्याकडं, जरा वेगळं बघायला लागलो. आम्ही शाडूचा जो गुण म्हणून सांगतो, तो पूररेषेत राहणाऱ्या माणसासाठी जोखीम आहे. आणि ती जोखीम आमच्यातला कुणीही उचलत नाही. शाडू बहुतेक गुजरातहून येतो. साच्यात दाबून भरायचा, काढून हातानं साफ करायचा, सावलीत वाळवायचा, आणि कोल्हापूरच्या आषाढात काय वाळतंय? तडे जातात. मूर्ती जड, नेताना फुटते. प्लास्टर काथ्या घालून रबरी साच्यात ओतलं की थोड्या वेळात घट्ट. कुंभाराला नदीचं प्रेम नाही म्हणून तो प्लास्टर वापरतो, असं मानणं आपल्याला सोयीचं आहे, एवढंच. गिऱ्हाईक आमचं भाषण ऐकून शाडूची मूर्ती मागायला येतं खरं, पण भाव प्लास्टरचा करतं! (मीही केला आहे. बायको साक्षीला आहे.)

आमची वेळही बघा. मूर्तींचं काम दिवाळीनंतर हळूहळू सुरू होतं. आम्ही उगवतो श्रावणात, जेव्हा माल तयार होऊन रंगही लागलेला असतो. तेव्हा त्या माणसानं काय करायचं? वर सरकारी हुकमांचा पाळणा. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली, लगेच एका वर्षाची मुदतही दिली. पुढं बंदी आहे की नाही याच गोंधळात २०२५ उजाडलं. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कडक पाळा म्हणून सांगितलं, जूनमध्ये मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, फक्त नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको. न्यायालयाची कारणं असतील. पण साच्यात पैसे अडकवलेल्या माणसानं त्या सहा महिन्यांत कुठला माल भरायचा होता?

कोल्हापूरकरांचं कौतुक मी करतो आणि करत राहीन. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं मूर्तिदानाचा आग्रह धरला तेव्हा केवढा विरोध झाला. आज इथं घरचा गणपती काहिलीत विसर्जन करायला कुणाला लाज वाटत नाही. गूळ करायच्या कढईत बाप्पा, हे फक्त आमच्याकडंच सुचू शकतं! पण दान केलेल्या मूर्ती पुढं इराणी खणीत जातात. नदी वाचते, खण भरते. एका मुलीनं मला वर्गात विचारलं होतं, "सर, मग खणीचं काय?" मी घड्याळाकडं बघितलं होतं.

शाळेत या विषयाला 'परिसर अभ्यास' असा छान शब्द आहे. त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा परिसर म्हणजे त्याचं घर, फळ्या, साचे, बापाचं कर्ज आणि मागचा नाला. मी त्याला त्याच्या परिसरातला गुन्हेगार दाखवून आलो होतो.

२०२१ च्या जुलैत पाणी आणखी वर गेलं, ५६ फूट ३ इंच. तोपर्यंत आम्ही काहीच केलं नव्हतं, फक्त वाईट वाटून घेतलं होतं. त्यानंतर मात्र एक लहानसं काम सुरू केलं. माघात, माघी गणपती झाले की ओळखीच्या घरांतून शाडूच्या मूर्तीचे निम्मे पैसे आगाऊ गोळा करायचे आणि गल्लीत नेऊन द्यायचे. मूर्ती फुटली, भिजली, तर ते पैसे परत मागायचे नाहीत, ही अट. पहिल्या वर्षी वीस-बावीस घरं झाली. काही जणांनी अट ऐकून चहा पाजून परत पाठवलं. यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, अहवालात लिहायला तर अजिबातच काही नाही. आमच्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, "तू आता कार्यकर्ता राहिला नाहीस, दलाल झालास." झालो असेन. दलालाला निदान माल बुडाला तर झळ पोचते.

दुसरं म्हणजे जागा. नाल्यापासून लांब, वरच्या मजल्यावरची एक रिकामी खोली एका ओळखीच्यांनी पावसाळ्यापुरती दिली आहे. फार मोठी नाही. घरगुती मूर्ती मावतात, मंडळांच्या नाही. बरण्यांचा प्रयोग अजून करतो, पण आता त्याआधी गल्लीतल्याच कुणाला तरी वर्गात घेऊन जातो आणि मुलांना अर्धा तास शाडू मळायला लावतो. वर्ग घाण होतो, बाई वैतागतात.

परवा रात्री साडेअकराला त्या मालकांचा फोन आला. धरणक्षेत्रात पाऊस वाढलाय, बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, तिला थोडंच कमी होतं.

"सर, झोपला न्हाईसा न्हवं? वरच्या खोलीची किल्ली कुणाकडं हाय?"