न परतलेल्या विमानांचा हिशेब

५ डिसेंबर १९७१ रोजी उजाडताच जैसलमेरच्या तळावरून हंटर विमाने उडाली आणि लोंगेवालाच्या वाळूत रुतलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडली. हंटरना रात्री लढण्याची सोय नव्हती. त्यामुळे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटच्या सुमारे १२० जवानांना चौकी रात्रभर लढवावी लागली. दिवस वर आला तशी बाजू पालटली. उघड्या वाळवंटात रणगाड्यांना आडोसा नव्हता आणि त्यांच्या मदतीला पाकिस्तानी विमाने आली नाहीत. त्या लढाईत आपले एकही हंटर पडले नाही. १९९७च्या ‘बॉर्डर’ चित्रपटाने ही सकाळ खोपोली-कर्जतच्या घराघरांत पोहोचवली.

त्याच दिवशी पश्चिम पंजाबातील शोरकोटच्या तळावर हल्ला करताना फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ पडले. या मराठी वैमानिकावर चित्रपट निघाला नाही. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी पाकिस्तानातील एका वृत्तपत्राने दिली, तीत तांबे यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव होते. तरीही ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढची कित्येक दशके त्यांनी एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी दिल्लीचे उंबरठे झिजवले.

वैमानिक दिलीप परुळकरांचे विमानही त्याच युद्धात पडले. ते रावळपिंडीच्या छावणीतून दोन साथीदारांसह निसटले, अफगाण सीमेजवळ पुन्हा पकडले गेले आणि १९७२ अखेर मायदेशी आले. पण बेपत्ता सैनिक-वैमानिकांची यादी पुढे ५४ नावांवर गेली. भारताच्या ताब्यात ९३ हजार युद्धकैदी असताना या नावांचा छडा लावून घेतला गेला नाही, ही त्या मोठ्या विजयातली मोठी उणीव होय. २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हाती परतले. आपल्याकडे असे कैदी नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे.

खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तिथल्या गर्दीत लेकरू चुकले तर घरचे माणूस येईपर्यंत त्याच्या नावाचा पुकारा चालू राहतो. देशानेही आपल्या माणसांसाठी एवढे केले पाहिजे, आणि ते अशक्य नाही. १७ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्धाच्या पहिल्याच रात्री, अमेरिकी नौदलाचा वैमानिक स्कॉट स्पायकर इराकच्या वाळवंटात पडला. आधी त्याला मृत ठरवले गेले, पुढे तो निर्णय बदलून ‘बेपत्ता’ अशी नोंद झाली. शोध सुरू राहिला आणि २००९ मध्ये त्याचे अवशेष वाळूतून काढून घरच्यांच्या स्वाधीन करण्यात आले. घरच्यांना अठरा वर्षांनी का होईना, उत्तर मिळाले.

हिशेब मांडण्याचे दुसरे कारण पुढच्या वैमानिकाच्या जिवाशी निगडित आहे. त्याच युद्धात ब्रिटनची टोर्नाडो विमाने इराकी धावपट्ट्यांवर अगदी खालून हल्ले करत होती. पहिल्या काही दिवसांतच विमाने पडू लागली, तेव्हा ती पद्धत सोडून उंचावरून मारा सुरू झाला. मित्रफौजांची ३८ विमाने लढताना पडली. हा आकडा उघड आहे आणि ती का पडली याची चर्चाही. आपल्याकडे १९७१चा अधिकृत इतिहास लिहून झाल्यावरही वर्षानुवर्षे कपाटात राहिला, आणि त्या युद्धातील विमानहानीचे दोन्ही देशांचे आकडे आजही जुळत नाहीत. मे २०२५ च्या संघर्षानंतर संरक्षणप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमाने गमावल्याचे मान्य केले आणि ती का पडली हे महत्त्वाचे, असे सांगितले. त्यांनी संख्या मात्र सांगितली नाही.

चालू मोहिमेतील गुपिते जपलीच पाहिजेत. पण अर्धशतकापूर्वीच्या नोंदी दडवून कोणाचे रक्षण होते? १९७१ मध्ये पडलेल्या प्रत्येक विमानाची नोंद सरकारने प्रसिद्ध करावी. बेपत्ता ५४ जणांच्या कागदपत्रांची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर सोपवावी आणि कुटुंबांना दरवर्षी लेखी उत्तर द्यावे. पाकिस्तानशी बोलणी जेव्हा होतील, तेव्हा हा विषय पहिल्या पानावर हवा. विजयाचे श्रेय साऱ्या देशाने घेतले, मग त्याची किंमत मोजणाऱ्या घरांना उत्तर देणे हे देशाचे कर्तव्यच आहे.