जुन्या पटाचे मोल: बुद्धिबळाचे संच जमवणाऱ्यांसाठी एक धागा

१/
१९६४ साली एडिंबरोच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने एक छोटी कोरीव मूर्ती पाच पौंडांना घेतली. त्याच्या कुटुंबात ती कित्येक वर्षे खणात पडून होती. पुढे ती मध्ययुगीन ‘लुईस’ बुद्धिबळातील हरवलेला मोहरा असल्याचे तज्ज्ञांनी ओळखले आणि २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात तिला ७ लाख ३५ हजार पौंड मिळाले. जुने संच जमवणाऱ्यांना ही कथा तोंडपाठ असते. तिचा अर्थ मात्र बहुतेकांनी उलटा लावलेला आहे.

२/
कथेत लक्षात राहतो तो लिलावाचा आकडा. पण तो मोहरा ओळखला गेला कसा? १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या त्याच्या भावंडांची नोंद होती म्हणून. एकूण ९३ वस्तू. त्यांपैकी ८२ ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ११ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात. कोठे सापडले, किती सापडले, कसे दिसतात हे जगाला ठाऊक होते. नोंद नसती, तर खणातली मूर्ती पाच पौंडांचीच राहिली असती.

३/
आता मराठवाड्याकडे यावे. लुईसचे मोहरे वॉलरसच्या सुळ्यातून कोरले गेले ते साधारण बाराव्या-तेराव्या शतकात. त्याच बाराव्या शतकात, आजच्या लातूर-नांदेडला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील कल्याणी (बसवकल्याण) या राजधानीत चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध झाला. राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णनही त्यात आहे.

४/
दुसरा धागा पैठणचा. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यातील ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाचे विवेचन आढळते. पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी या खेळावर संस्कृतात लेखन केले आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. म्हणजे दख्खनने हा खेळ नुसता खेळला नाही, तर लिहूनही ठेवला.

५/
ग्रंथ उरले, ज्या मोहऱ्यांनी ते डाव खेळले गेले ते मात्र फारच थोडे उरले. लाकूड वाळवीने खाल्ले, प्यादी पोरांच्या खेळण्यात हरवली. जुन्या संचाचे खरे आकर्षण येथे आहे. ग्रंथ सांगतो की राजा असा चालतो आणि हत्ती असा चालतो. संच सांगतो की तो कोणाच्या हातात झिजला. ज्या प्याद्याच्या माथ्यावरचा रंग पार उडाला आहे, ते प्यादे शेकडो वेळा उचलले गेले आहे.

६/
मोहऱ्यांची नावे तर भूगोलच सांगतात. मराठीत ज्याला उंट म्हणतात, त्याच्या जागी इंग्रजांकडे बिशप आणि फ्रेंचांकडे विदूषक उभा असतो. आपला हत्ती बंगालीत नौका होतो. प्रत्येक मुलखाने पटावर आपल्या ओळखीचे सैन्य मांडले. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा मुलखातल्या कारागिराने कोरलेल्या घोड्याची मान आणि लंडनच्या कारखान्यातल्या घोड्याची मान एकसारखी नसणारच.

७/
पटाचेही तसेच. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट म्हणजे युरोपने रूढ केलेली रीत. जुन्या भारतीय पटाची घरे बहुधा एकाच रंगाची असत आणि ठरावीक घरांवर फुल्या असत. घरात असा कापडी पट निघाला, तर तो ‘अपुरा’ किंवा ‘सारीपाटाचा तुकडा’ समजून टाकून दिला जाण्याचा संभव मोठा. अज्ञानाने झालेला नाश चोरीपेक्षा कमी नसतो.

८/
या परिसरात साधनांचे दोन ठळक प्रकार. पहिला, कातारी लोकांनी चरकावर कातून लाखेने रंगवलेले लाकडी मोहरे: कोरीव चेहरे नाहीत, फक्त उंची आणि घाट यांवरून राजा-वजीर ओळखायचे. दुसरा, बिदरी काम: जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची जडण आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीने आणलेला गडद काळा रंग. पहिला प्रकार सामान्य घरांचा, दुसरा दिवाणखान्याचा. संग्राहकांची नजर दुसऱ्यावरच खिळते, हे दुर्दैव.

९/
लिलावांत सर्वाधिक मिरवणारे ‘भारतीय’ संच कोणते? बंगालमधील बहरामपूर भागात कोरलेले हस्तिदंती संच: एका बाजूस कंपनीचे शिपाई, दुसऱ्या बाजूस देशी राजाची फौज. कारागिरी अजोड, यात शंका नाही. पण हे संच मुख्यतः कंपनीच्या गोऱ्या ग्राहकांसाठी, मायदेशी नेण्याची वस्तू म्हणून घडले. ते भारतीय घरातील डावाचा पुरावा नव्हेत. परक्याला भारत कसा पाहायचा होता, याचा पुरावा होत.

१०/
१८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीने नथॅनियल कुक यांच्या नावे नोंदलेला घाट बाजारात आणला आणि हॉवर्ड स्टॉन्टन या नामांकित खेळाडूचे नाव त्याला दिले. आज स्पर्धांत सर्वत्र तोच दिसतो. गंमत अशी की त्या जुन्या इंग्रजी संचांच्या उत्तम प्रतिकृती आज अमृतसरचे कारागीर घडवून जगभर पाठवतात. म्हणून चहाच्या पाण्यात रंगवलेला नवा संच ‘शंभर वर्षांचा’ म्हणून गळ्यात मारला जाणे मुळीच अवघड नाही.

११/
आता कटू भाग. हस्तिदंताचा मोह तरुण संग्राहकांनी सोडलाच पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. ‘वस्तू जुनी आहे’ ही पळवाट नव्हे. बाजारात ‘हस्तिदंती’ म्हणून मिळणारे पुष्कळ मोहरे उंटाच्या हाडाचे असतात. म्हणजे ग्राहक एकतर फसतो किंवा गुन्हा करतो.

१२/
दुसरा कायदाही १९७२ चाच: पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अनेकांना हा कायदा जाच वाटतो. पण लुईसचे सगळे मोहरे विखुरले असते, तर तो हरवलेला मोहरा कशाशी ताडून पाहिला असता?

१३/
यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: संग्राहकांनी घेतले नाही, तर वाड्यातला संच भंगारात किंवा चुलीत जाईल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मराठवाड्यातच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात सापडलेल्या प्राचीन वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच उभे आहे. वस्तू वाचल्या आणि गावाशी त्यांचे नातेही तुटले नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तूंचा प्रचंड संग्रह केला आणि १९७५ मध्ये तो राज्याच्या स्वाधीन केला. जमवणे वाईट नाही. मुळापासून तोडणे वाईट.

१४/
म्हणून संग्रहाचा पहिला खर्च एका वहीचा असावा. संच कोणत्या गावातून, कोणत्या घरातून आला. तिथे कोण खेळत असे. मोहऱ्यांना काय म्हणत. पट कशाचा होता. किती मोहरे कमी आहेत. मालकाच्या संमतीने एवढे लिहून छायाचित्र जोडले, तर तुटका संचही ऐतिहासिक साधन होतो. आणि हरवलेला घोडा दुसऱ्या संचातून आणून ‘पूर्ण’ करू नये. व्यापारी तसे करतात, कारण पूर्ण संच महाग विकला जातो. इतिहासाच्या दृष्टीने अशा जोडकामात दोन संच नष्ट होतात.

१५/
लोहा, कंधार, उदगीर, देगलूर या भागांतील जुनी घरे वेगाने पाडली जात आहेत. माळ्यावरच्या पेटीत दहा-बारा कातीव मोहरे आणि विरलेला पट असेल, तर त्याला लिलावात भाव येणार नाही. पण शह, काटशह आणि मात हे शब्द रोज बोलणाऱ्या समाजाकडे आपले स्वतःचे मोहरे उरणार की नाही, हे त्या पेटीवर ठरेल. आजीला किंवा आजोबांना विचारून ती वेळेवर उघडणारा नातू लंडनच्या कोणत्याही बोली लावणाऱ्यापेक्षा मोठा संग्राहक होय.