टीबीचा कोर्स अर्धवट सोडू नका

उल्हासनगरच्या कॅम्प १ मधल्या भावाबहिणींनो,

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की महिना-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, ताप उतरतो, वजन भरू लागतं. माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या मागे पडतात. आपल्या वस्तीत हे आजच थांबायला हवं. बरं वाटू लागतं त्याच दिवसांत छातीच्या आत जंतूंची उत्क्रांती चाललेली असते.

टीबीने पोखरलेल्या फुफ्फुसाच्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. जंतू दुणावताना त्याच्या वंशसूत्रात अधूनमधून चूक होते. त्यामुळे साधारण १० लाखांत एखादा जंतू आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद देत नाही, १० कोटींत एखादा रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला. हे जंतू पहिली गोळी घेण्याआधीच तिथे असतात. औषधाने बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं मिळतं. १९४७ साली ब्रिटनमध्ये नुसतं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं होतं. रुग्ण सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या जंतूंवर ते औषध चालेनासं झालं. म्हणून आता अनेक औषधं एकत्र देतात: एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याने मरतो. गोळ्यांत खंड पडला, मनाने एखादी गाळली, की निसटलेल्यांची कोट्यवधींची फौज होते आणि तिच्यातून दुसऱ्या औषधालाही न जुमानणारा जंतू निघतो.

सह्याद्रीच्या वेगवेगळ्या डोंगरांवर अलग पडलेल्या पाली आणि बेडकांच्या निराळ्या जाती झाल्या, त्यामागेही वंशातला बदल आणि निवड हेच आहे. तिथे लाखो वर्षं लागली. टीबीचा जंतू दिवसाकाठी साधारण एकदा दुणावतो. त्याची नवी जात नाही, पण नवा चिवट वाण काही महिन्यांत तयार होतो. २०११च्या अखेरीस मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. मुंबई इथून लोकलने किती दूर आहे?

असा वाण एकात तयार झाला की खोकल्यावाटे थेट दुसऱ्याच्या छातीत जातो. त्या दुसऱ्याने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसते. फाळणीनंतर निर्वासित लष्कराच्या बरॅकींत राहायला आले, तेव्हापासून आपली घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. खोल्यांत वारा नाही, शिलाईच्या कारखान्यांत माणसाला माणूस खेटून बसतो. इथे एकाचा आजार एकाचा राहत नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, थुंकी तपासून घ्या. जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे सीबीनॅट चाचणीत काही तासांत कळतं. ती मागून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आहारासाठी दरमहा १००० रुपयांच्या हिशेबाने मदत खात्यात येते. गोळ्यांनी मळमळ झाली, कावीळ वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आपल्या मनाने थांबू नका. कारखानदार शेठ, आजारी कारागिराला तपासणीसाठी सुट्टी द्या, कामावरून काढू नका. नोकरीच्या भीतीनेच तो आजार लपवतो. सासूबाई, सुनेला गोळ्या लपवायला लावू नका. सहा महिन्यांचा कोर्स असेल तर सहा महिने, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत, एकही दिवस न चुकवता.

टीबीबद्दल काहीही विचारायचं असेल तर सरकारी निःशुल्क फोन: १८००-११-६६६६. आजच लावा.